बागेच्या शेडचं कुलूप शाबूत, सामान गायब

वाचकाचं पत्र : नाशिकला आमची 48 सदनिकांची सोसायटी आहे. मागच्या कंपाउंडलगत बाग, खतखड्डा आणि कोपऱ्यात 8 बाय 10 फुटांची पत्र्याची शेड. पहिल्या चोरीत गवत कापायचं पेट्रोलचं यंत्र, बॅटरीचा फवारणी पंप, रबरी नळी आणि बागेतले पितळी नळ गेले. आम्ही मोठं कुलूप आणलं. गेल्या महिन्यात पुन्हा चोरी झाली. कुलूप कडीत जसंच्या तसं लटकलेलं, पण कडीच दारातून उचकटलेली. नवा फवारणी पंप आणि अर्ध्या एचपीची मोटार गेली. आता काही सभासद माळीदादांवर संशय घेतात, त्यांच्या पगारातून भरपाई कापा म्हणतात. एक जण दाराला करंट सोडा म्हणतात. पोलिसांत जाऊन उपयोग नाही, असं बहुतेकांचं मत आहे. शेड उचलून गेटजवळ न्यावी असाही प्रस्ताव आहे. नक्की काय करावं?
– बाग समितीची सदस्य

नमस्कार ताई,

करंटचा विषय आधी बंद करा, अगदी आजच. पत्र्याची शेड म्हणजे सगळीकडून धातू. पावसाळ्यात भोवतालची ओली माती, खतखड्ड्याजवळचं पाणी, चेंडू शोधायला शेडमागे जाणारी मुलं आणि पहाटे नळी जोडायला येणारे तुमचेच माळीदादा, हे सगळे त्या दाराशी चोराच्या कितीतरी आधी पोचतात. शेताच्या कुंपणात सोडलेल्या विजेने माणसं गेल्याच्या आणि ती सोडणाऱ्यावर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल झाल्याच्या बातम्या आपल्याकडे दरवर्षी येतात. सोसायटीत असं घडलं तर कमिटीच अडकेल. सूचना करणाऱ्यांना हे स्पष्ट शब्दांत सांगा आणि इतिवृत्तात तशी नोंदही करा.

आता चोरीकडे वळू. चोर कुठून आणि कसा शिरला, हे तुमच्या पत्रातच आलं आहे. कुलूप शाबूत आहे आणि कडी निघाली आहे, म्हणजे चोराने कुलपाला हातही लावला नाही. पातळ पत्र्याला दोन-तीन स्क्रूंनी धरलेली कडी पहारेच्या एका हिसक्यात निघते, कारण स्क्रूचे आटे अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्यात जेमतेम एक फेरा धरलेले असतात. कुलूप जितकं मोठं तितकी पहार अडकवायला जागा जास्त. पहिल्या चोरीनंतर तुम्ही मजबूत भागच आणखी मजबूत केला आणि कच्चा भाग तसाच राहिला. अशा शेडच्या बाबतीत आम्हाला सगळ्यांत जास्त हेच दिसतं. म्हणून तिसरं कुलूप घेऊ नका. पैसे आधी कडीवर, मग बिजागरीवर, मग पत्र्यावर आणि सगळ्यांत शेवटी कुलपावर घाला.

माळीदादांच्या बाबतीतही तीच कडी बोलते. ज्याच्याकडे चावी आहे, त्याला कडी उचकटायची गरज नसते. बळजबरीची खूण म्हणजे चावी नसलेल्या माणसाचं काम, असं सरळ अनुमान निघतं. चावीवाला मुद्दाम तोडफोडीचा देखावा करू शकतो, हे खरं. पण निव्वळ शक्यतेवर एखाद्याच्या पोटावर पाय आणता येत नाही. संशयावरून पगार कापण्याचा कोणताही अधिकार सोसायटीला नाही. त्यात शेडमध्ये काय कुठे असतं, कोणता पत्रा सैल आहे, रात्री कुठला कोपरा अंधारात असतो, हे सगळ्यांत नीट त्यांनाच माहीत असणार. दुरुस्तीच्या वेळी त्यांना सोबत उभं करा. त्यांच्या सूचना कामाच्या निघतील आणि सभासदांनी केलेला अपमानही थोडा भरून निघेल.

वेल्डर बोलावण्याआधी एक बिनपैशाचं काम करा. संध्याकाळी बागेत फेरी मारा आणि पहार, टिकाव, कुदळ, फावडं, शिडी यांपैकी काय काय बाहेर पडलं आहे ते पाहा. खतखड्ड्याला टेकवून ठेवलेली पहार हे चोराच्या हातात दिलेलं हत्यार आहे. रिकाम्या हातांनी आलेला माणूसही तिने तुमचं दार उघडतो. शिडी कंपाउंडपाशी असेल तर येण्या-जाण्याची सोयही झाली. पहार आणि शिडी यांना जागा शेडच्या आत, नाहीतर साखळीने झाडाला किंवा खांबाला कुलूपबंद. विटांचे, पेव्हर ब्लॉकचे ढीगही भिंतीपासून हलवा.

दाराचं काम

तुमचं दार चौकोनी पाइपच्या चौकटीवर पत्रा मारलेलं असणार, असं धरून सांगतो. हलणारी कडी पूर्ण काढून टाका आणि फॅब्रिकेटरकडून दोन स्थिर 'कान' करून घ्या. 6 मिमी जाड आणि 50 मिमी रुंद लोखंडी पट्टीचे दोन तुकडे घ्यायचे, एक दाराच्या पाइपला आणि एक चौकटीला. दार लावलं की दोघे एकमेकांशेजारी समांतर येतात आणि दोघांच्या भोकांतून कुलपाची दांडी जाते. यात हलणारा भाग नाही, स्क्रू नाही, उचकटायला धरही नाही. कान थेट पातळ पाइपवर जोडले तर जोर लावल्यावर पाइपचाच तुकडा फाटून येतो, म्हणून आधी 3 मिमी जाडीची साधारण 100 बाय 150 मिमीची पाटी पाइपला चारही बाजूंनी वेल्ड करायची आणि कान तिच्यावर बसवायचा. पत्र्यावर वेल्डिंग करू देऊ नका. अर्ध्या मिमीचा पत्रा जळून भोक पडतं आणि वेल्डर त्यावर रंग मारून निघून जातो. ही खूण डोळ्यांनी तपासा.

कानांची भोकं कुलपाच्या दांडीला जेमतेम पुरतील इतकीच हवीत. दांडी 10 मिमी असेल तर भोक 12 मिमी. भोक सैल असेल तर कुलूप फिरवून त्यात सळई घालता येते आणि पिळून दांडी मोडता येते. म्हणून कुलूप आधी विकत घ्या आणि ते हातात देऊनच भोकं पाडून घ्या. उलट क्रमाने केलं की हमखास गडबड होते.

असे कान दोन ठिकाणी हवेत, जमिनीपासून साधारण 2 फुटांवर आणि 5 फुटांवर. साडेसहा फुटांचं दार मध्ये एकाच जागी धरलं तर खालचा कोपरा पहारेने वाकवून माणूस सरपटत आत जाऊ शकतो. दोन कुलपांना दोन वेगळ्या चाव्या ठेवल्या तर आठवड्याभरात खालचं कुलूप लावणं बंद होतं. तेव्हा दुकानदाराकडे एकाच चावीने उघडणारी जोडी मागा. तशी मिळते.

कुलपाभोवती 3 मिमी पत्र्याची, फक्त खालून उघडी अशी पेटी वेल्ड करून घ्या. चौकटीचा कान आत शिरायला तिच्या बाजूला एक खाच ठेवायची. चावी खालून लागते, त्यामुळे उघडायला अडचण नाही, पण कटरचे लांब जबडे दांडीपर्यंत पोचत नाहीत आणि हातोड्याचा घावही सरळ बसत नाही. माप चुकलं तर मात्र ही पेटी तुमच्यावरच उलटते. कुलूप आत जातं, पण बोटं जात नाहीत, आणि पावसात वैतागलेला माणूस कुलूप नुसतं अडकवून निघून जातो. आधी पुठ्ठ्याची पेटी करा, तुमच्यातल्या सगळ्यांत जाड बोटांच्या माणसाला कुलूप लावून काढायला सांगा, मगच लोखंड कापा.

दार आणि चौकट यांच्यामधली फट ही पहार शिरायची जागा. उघडणाऱ्या बाजूला दारावर 50 मिमी रुंद, 5 मिमी जाड पट्टी वरपासून खालपर्यंत अशी लावायची की ती चौकटीवर इंचभर चढेल. कान येतात तिथे ती खाचून घ्यायची.

आता बिजागरी. बाहेर उघडणाऱ्या दाराची बिजागरी बाहेरच दिसते आणि तिची पिन ठोकून काढली की तुमची दोन्ही कुलपं निरुपयोगी. पिनची दोन्ही टोकं वेल्डच्या एकेका थेंबाने बंद करा. त्याहून खात्रीचा उपाय असा : बिजागरीच्या बाजूला, दाराच्या कडेवर 12 मिमी सळईचे इंच-सव्वा इंच लांब दोन खुंटे लावायचे आणि चौकटीत त्यांच्यासमोर 14 मिमीची भोकं पाडायची. दार लावलं की खुंटे चौकटीत शिरतात. मग कोणी बिजागरी पूर्ण कापली तरी ती बाजू निघत नाही. खर्च अगदी किरकोळ, पण हे काम कोणी आपणहून सुचवत नाही. तुम्हाला मागून घ्यावं लागेल.

(वाचकांपैकी कोणाचं दार लाकडी असेल तर स्क्रूऐवजी गोल माथ्याचे 8 मिमी बोल्ट आरपार घाला, आतून लोखंडी पाटी आणि नट लावा, आणि नट घट्ट केल्यावर बोल्टचं उरलेलं टोक हातोडीने चेपा. बाहेरून पान्हा लावायला काही उरत नाही.)

वेल्डिंगच्या दिवशी शेड पूर्ण रिकामी करा. पेट्रोलचा कॅन, कीटकनाशकं, सुकी पानं, कोकोपीटच्या गोणी, सगळं किमान तीस फूट दूर. सांडलेल्या पेट्रोलचा वास येत असेल तर काम दुसऱ्या दिवशी. गॅल्व्हनाइज्ड भागावर वेल्डिंग करताना जस्ताचा पांढरा धूर निघतो, तो छातीत गेला की त्रास होतो, म्हणून दार उघडं आणि वेल्डर धूर तोंडावर येणार नाही अशा बाजूला. वाळूची बादली आणि पाण्याची नळी जवळ असू द्या आणि काम संपल्यावर तासाभराने कोणीतरी पुन्हा जाऊन पाहावं. पानांच्या ढिगात ठिणगी खूप वेळ धुमसत राहते. जोड थंड झाल्यावर ब्रशने घासून, प्राइमरचा हात देऊन रंग लावा. नाहीतर पहिल्याच पावसाळ्यानंतर तिथून गंज सुरू होईल.

पत्रे आणि आतला पिंजरा

दार इतकं पक्कं झालं की पुढचा चोर पत्र्याकडे वळणार. पत्रे ज्या स्क्रूंनी बसवलेले असतात त्यांचा षट्कोनी माथा बाहेर असतो आणि साध्या 8 मिमी पान्ह्याने, आवाज न करता, एक पत्रा सोडवता येतो. सगळे स्क्रू बदलायची गरज नाही. जमिनीपासून पाच फुटांपर्यंतचे आणि दाराच्या दोन्ही बाजूंचे स्क्रू पाहा आणि एकाआड एक काढून त्या जागी 4.8 मिमीचे स्टीलचे रिव्हेट मारून घ्या. ॲल्युमिनियमचे रिव्हेट मऊ असतात, ते छिन्नीने उडतात. मागची बाजू, म्हणजे कंपाउंड आणि शेड यांच्यामधली अरुंद जागा, आधी घ्या. तिथे काम करणारा माणूस कोणाला दिसत नाही.

तरीही पत्रा कात्रीने कापता येतोच. अख्ख्या शेडला आतून जाळी मारणं महागात पडतं. त्यापेक्षा शेडच्या आत एक पिंजरा करा. आमच्या मते तुमच्या बाबतीत सगळ्यांत जास्त फायदा याच खर्चाचा होईल. शेडमधल्या शंभर वस्तूंपैकी चोराला हव्या असलेल्या चार-पाच असतात : गवत कापायचं यंत्र, पंप, मोटार, ड्रिल. कुंड्या आणि शेणखताच्या गोणी कोणी नेत नाही. साडेचार फूट लांब, अडीच फूट खोल आणि तीन फूट उंच असा पिंजरा 25 बाय 25 बाय 3 मिमीच्या अँगलचा करून त्याला 3 मिमी तारेची दोन इंची वेल्डेड जाळी लावली, की तो कापायला चोराला आत बसून बराच वेळ खटपट करावी लागते. तितका वेळ कोणी काढत नाही. यंत्राची दांडी लांब असते, तेव्हा ती सुटी होते का हे पाहून आणि मोजून मगच लांबी ठरवा.

पिंजरा जमिनीला धरलेला हवा, नाहीतर दोघे जण तो उचलूनच नेतील. खाली निदान चार इंच जाड काँक्रीट असेल तर 10 मिमीचे चार अँकर बोल्ट पुरेत. पण बहुतेक बागांच्या शेडखाली नुसते पेव्हर ब्लॉक असतात आणि त्यात अँकर धरत नाही, ब्लॉकसकट वर येतो. तसं असेल तर पिंजऱ्याच्या चार कोपऱ्यांखालचे ब्लॉक काढून फूटभर लांब, रुंद आणि खोल असे चार खड्डे घ्या, त्यात 1:2:4 काँक्रीट (सिमेंट, वाळू, खडी या प्रमाणात) भरा आणि ओलं असतानाच सळईचे वाकवलेले तुकडे उभे करा. चारही खड्ड्यांना मिळून सिमेंटची एक गोणी पुरते. सात दिवस पाणी मारा, मगच पिंजरा त्या सळयांना वेल्ड करा. शेवटच्या वेल्डिंगची घाई करून दुसऱ्याच दिवशी हादरे दिले, तर काँक्रीटला तडे जातात आणि सगळी मेहनत वाया जाते.

शेड बंदिस्त करण्याच्या नादात वरची हवेची फट बुजवू नका. आत पेट्रोल असतं, उन्हात पत्रा तापतो, वाफ साठते. फटीवर आतून जाळी लावा, ती उघडीच राहू द्या. पेट्रोल लागेल तेवढंच, धातूच्या बंद कॅनमध्ये. पाण्याच्या बाटलीत कधीही नको.

चोराला नको असलेलं सामान

काही गोष्टी सांभाळण्यापेक्षा बदलणं स्वस्त पडतं. पितळी नळ वितळवून विकले जातात, त्यांच्या जागी चांगल्या प्रतीचे प्लास्टिकचे पीटीएमटी नळ लावा, ते भंगारवाल्याकडे कवडीमोलाचे. फवारणी पंपाची बॅटरी काढता येत असेल तर ती रोज वॉचमनच्या केबिनमध्ये किंवा सोसायटीच्या कार्यालयात ठेवा. बॅटरीशिवाय पंपाला चोरबाजारात गिऱ्हाईक मिळत नाही, शिवाय उन्हाळ्यात तापलेल्या शेडमध्ये बॅटरीचं आयुष्यही घटतं. मोटार तांब्यासाठी जाते. ती कायमची बसवायची असेल तर बोल्टचे माथे वेल्डने बंद करा. पण वर्षातून एकदा ती दुरुस्तीला काढावी लागते, तेव्हा सगळे नकोत. चारपैकी दोन पुरेत.

प्रत्येक वस्तूवर सोसायटीचं नाव कोरून घ्या, नुसतं रंगवू नका. विजेवर चालणारं कोरायचं छोटं पेन घेतलं तर सगळ्या अवजारांचं काम एका दुपारीत होतं. फावड्याच्या पात्यावर, दांडा बसतो त्याच्या खाली, वेल्डचे तीन ठिपके ठरलेल्या आकारात दिले, तर ती खूण घासून काढणं अवघड जातं. दांड्यांना भडक केशरी रंग द्या. यंत्रांचे मॉडेल आणि सीरियल नंबर डेडस्टॉक रजिस्टरमध्ये, म्हणजे सोसायटीच्या सामानाच्या नोंदवहीत, लिहा, फोटो काढा आणि बिलं सोसायटीच्याच नावाची घ्या. सेक्रेटरींच्या नावावरचं बिल पुढे विमा कंपनीसमोर अडचणीचं ठरतं.

चाव्या

सामाईक शेडची खरी गळती इथे असते. दर काही वर्षांनी समिती बदलते आणि जुन्या सभासदांच्या घरी चाव्या पडून राहतात. आज तुमच्या शेडच्या किती चाव्या बाहेर आहेत, हे कोणी सांगू शकेल का? नवीन कुलपांच्या फक्त तीन चाव्या वापरात ठेवा : एक माळीदादांकडे, एक वॉचमनच्या केबिनमधल्या चावीपेटीत आणि एक सीलबंद पाकिटात कार्यालयात. बाकी कोणालाही शेड उघडायची असेल तर केबिनमधून चावी घ्यायची आणि वहीत तारीख, वेळ, सही करायची. चावीच्या बिल्ल्यावर 'बाग शेड' असं लिहू नका. रंगीत दोरा पुरतो. माळी किंवा समिती बदलली की कुलूप बदलायचं, हा नियम सर्वसाधारण सभेत आधीच मंजूर करून घ्या. नियम असला की कुलूप बदलणं कोणाला झोंबत नाही.

आकड्यांचं कुलूप बाहेर लावू नका. स्वस्तातल्या कुलपाचे आकडे चाकं हलवून अंदाजाने लागतात, धुळीने चाकं अडकतात आणि घाईत लोक फक्त शेवटचं चाक फिरवून जातात. पिंजऱ्याला आत लावायला ते चालेल.

कुलूप घेताना दांडी कडक केलेल्या पोलादाची आहे का ते पाहा. साधी 8 मिमी दांडी हातातल्या मोठ्या बोल्ट कटरने क्षणात तुटते. 10 मिमीच्या कडक दांडीला तो सहज दाद देत नाही. बॅटरीवरच्या ग्राइंडरपुढे कुठलंच कुलूप फार टिकत नाही, पण त्याच्या किंकाळीने आणि ठिणग्यांनी सोसायटी जागी होते. तुमच्याकडे आलेला चोर तसं यंत्र घेऊन आला नव्हता, हे उचकटलेल्या कडीवरून दिसतं. कुलपात खोबरेल तेल घालायची आपल्याकडे सवय आहे, ती मोडा. त्यावर धूळ बसून चिकट थर होतो आणि चावी अडकते. पेन्सिलीच्या शिशाची बारीक पूड चावीला लावून चार वेळा फिरवली की झालं. बाहेरच्या कुलपावर पावसाळ्यात रबरी ट्यूबचा एक तुकडा पडद्यासारखा सोडा.

उजेड, कॅमेरा आणि झाडं

दाराच्या बाजूची मेंदी किंवा डुरांटा तीन फुटांच्या खाली छाटून ठेवा, म्हणजे गच्चीतून, खिडकीतून दार दिसतं. मागच्या बाजूला मात्र उलट करा. कंपाउंड आणि शेड यांच्यात दोन फूट जागा दुरुस्तीसाठी मोकळी सोडा आणि कंपाउंडलगत करवंद लावा. ती आपल्या हवेत टिकते, पाणी कमी मागते आणि तिच्या काट्यांतून रात्री उडी मारायला कोणी धजत नाही.

सेन्सरचा दिवा दारासमोर नको, बाजूला आठ फुटांवर लावा. हे सेन्सर आडवी हालचाल लगेच पकडतात, सरळ त्यांच्याकडे चालत येणारा माणूस उशिरा पकडतात. उन्हाळ्यातल्या गरम रात्री अंगाची आणि हवेची उष्णता जवळजवळ सारखी झाली की त्यांचा पल्ला कमी होतो, तेव्हा चाचणी मे महिन्यात घ्या. वाऱ्यावर हलणाऱ्या फांद्या समोर असल्या तर दिवा रात्रभर लागत-विझत राहतो आणि मग त्याच्याकडे कोणी लक्ष देत नाही. झाडाखाली सौर दिवा चालत नाही, वायर ओढून घ्या आणि त्या लाइनवर 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, हवाच.

कॅमेरा एकच घेणार असाल तर तो शेडवर न रोखता शेडकडे येणाऱ्या वाटेवर, आठ-नऊ फूट उंचीवर लावा. त्याहून वर गेला की टोप्या आणि डोकी दिसतात, चेहरे दिसत नाहीत. कोणाच्या खिडकीत तो डोकावत नाही ना, तेही बघा. कोळ्याची जाळी रात्री कॅमेऱ्याच्या इन्फ्रारेड उजेडात पांढरी चमकते आणि मागचं काही दिसत नाही, म्हणून महिन्यातून एकदा काच पुसायची. रेकॉर्डर शेडमध्ये ठेवू नका. चित्रण किती दिवस टिकतं ते आजच तपासा.

दाराला सायरन लावायचा विचार असेल तर घराच्या दाराला लावतात तो छोटा चुंबकाचा स्विच घेऊ नका. लोखंडी दारावर तो दगा देतो. दुकानाच्या शटरला लावतात तो जड धातूचा प्रकार घ्या.

पोलिसांत जाण्याबद्दल

उपयोग नाही हे मत बदला. 1 जुलै 2024 पासून जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू आहे. उघड्यावरची, 5,000 रुपयांपेक्षा कमी किमतीची साधी चोरी असेल तर ती कलम 303 खाली हलकी धरली जाऊ शकते. पण सामान ठेवण्यासाठी वापरलेल्या इमारतीतून झालेली चोरी कलम 305 मध्ये येते, तिला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी घरफोडी करून शिरल्यास कलम 331 चं चौथं पोटकलम लागतं, आणि हेतू चोरीचा असेल तर शिक्षा 14 वर्षांपर्यंत जाते. म्हणून फिर्यादीत 'बागेतून सामान गेलं' असं लिहू नका. 'सोसायटीचं सामान ठेवण्याच्या कुलूपबंद शेडची कडी रात्री उचकटून' असं लिहा, रात्री किती वाजता शेवटचं पाहिलं आणि सकाळी किती वाजता कळलं तेही लिहा.

कमिटीने सेक्रेटरींना फिर्याद द्यायचा अधिकार देणारा ठराव करावा. सोबत डेडस्टॉकची पानं, बिलं, सीरियल नंबर आणि उचकटलेल्या कडीचे फोटो जोडा. ती जुनी कडी अजून असेल तर भंगारात देऊ नका. ऑनलाइन तक्रार दिली तर तीन दिवसांत ठाण्यात जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते, मागून घ्या. ठाण्यात नोंद करून घेतली नाही, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (पोलीस तपासाच्या पद्धतीचा कायदा) कलम 173 नुसार वरिष्ठांना लेखी, टपालाने कळवता येतं. नाशिक शहरात असाल तर पोलीस आयुक्तालयाकडे, ग्रामीण हद्दीत असाल तर पोलीस अधीक्षकांकडे. पोलिसांच्या पोर्टलवर वस्तू 'हरवल्याची' नोंद करून भागवू नका, ती चोरीची फिर्याद नसते. कॅमेऱ्याचं चित्रण द्यायचं झालं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र सोबत लागतं, त्याचा नमुना ठाण्यातून घ्या.

पुढच्या वेळी (येऊ नये, पण आलीच तर) सकाळी सगळ्यांनी जाऊन दार हाताळू नका. पंचनामा होईपर्यंत कडी, कुलूप, आसपास पडलेली पहार, कशालाही हात नको. सोसायटीचा घरफोडीचा विमा असेल तर शेड त्यात पत्त्यासह नमूद आहे का ते आता पाहा. बहुतेक पॉलिसी बळजबरीने शिरल्याच्या खुणा मागतात. कुलूप उघडं राहिलं असताना गेलेल्या सामानाचा दावा सहसा टिकत नाही, तेव्हा चावीच्या वहीतली 'कुलूप लावलं' ही सही तिथेही कामी येते.

राहिला शेड गेटजवळ नेण्याचा प्रस्ताव. आत्ता नको. शेड सोडवून पुन्हा उभी करण्यात पत्र्यांची जुनी भोकं मोठी होतात, गळती सुरू होते आणि खर्च वरच्या सगळ्या कामांहून जास्त होईल. शिवाय खतखड्डा मागेच राहिला तर अवजारं दिवसभर मागे आणि रात्री पुढे न्यावी लागतील, म्हणजे काही दिवसांनी ती मागेच पडून राहतील. सभासद म्हणतील, मग निदान गवत कापायचं यंत्र मीटर रूममध्ये किंवा जिन्याखाली ठेवू. त्याला ठाम नकार द्या. पेट्रोलची टाकी असलेलं यंत्र विजेच्या मीटरांजवळ ठेवणं धोक्याचं आहे आणि जिना ही आगीत बाहेर पडायची वाट आहे. नवीन यंत्र घेताना बॅटरीवर चालणारं घेतलं तर हा प्रश्नच उरत नाही. यंत्र पिंजऱ्यात, बॅटरी कार्यालयात. तुमच्या बागेचा आकार पाहता तेवढी ताकद पुरेल का, हे माळीदादांना विचारून ठरवा. दिवसभर ते यंत्र त्यांच्याच खांद्यावर असणार आहे.